दुधाचे चीज

खामगावच्या बाजारातील एका लहानशा डेअरीच्या मागच्या खोलीत आम्ही मराठी विभागातील तिघे सहकारी गेली दोन वर्षे दर बुधवारी दुपारी जेवतो. पुढे गल्ला, दुधाचे कॅन, वजनकाटा आणि काचेच्या कपाटात खवा, दही, तूप. मागे दोन टेबले आणि एक पंखा. पदार्थांची यादी भिंतीवर नाही, कारण निवडीला वावच नाही. ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कढी किंवा सायीचे दही आणि ताटाच्या कडेला पांढऱ्या, घट्ट, खारट पदार्थाच्या दोन जाड फोडी. दुकानदार म्हशीचे दूध तापवतो, आदल्या दिवशीची आंबलेली निवळी घालून ते फोडतो, चोथा फडक्यात बांधून वजनाखाली दाबतो. येथपर्यंत हे साधे पनीर. पण त्यातील काही वड्या तो लगेच विकून न टाकता मीठ घातलेल्या निवळीत दोन-तीन दिवस बुडवून ठेवतो. गरम भाकरीवर ती फोड ठेवली तर वितळत नाही, कडांना जरा मऊ होते. आधी मीठ लागते, मग आंबटपणा, आणि शेवटी म्हशीच्या दुधाचा दाट गोडवा जिभेवर राहतो. ठेच्याचा जाळ त्याने विझतो. एरवी डबा उघडून उभ्याउभ्या दोन घास खाणारे आम्ही लोक येथे पाऊण तास बसतो.

दुकानदार आमचाच विद्यार्थी. मराठी घेऊन एम.ए. झाला, नेट उत्तीर्ण झाला, आठ वर्षे तासिका तत्त्वावर तीन महाविद्यालयांत शिकवत हिंडला. कायमच्या जागेसाठी एका संस्थेत त्याला जो आकडा सांगण्यात आला, तो त्याच्या वडिलांच्या चार एकरांच्या किमतीएवढा होता. मग त्याने खडू ठेवून दिला आणि घरच्या दोन म्हशींवर हा व्यवसाय उभा केला. आम्ही जेवायला गेलो की तो अजूनही ‘सर’, ‘मॅडम’ म्हणतो आणि पैसे घ्यायला कां-कूं करतो. पैसे देण्यावरून होणारी ही दर बुधवारची ओढाताण आता विधीसारखी झाली आहे.

या लेखाला कारण झाला त्याचा एक प्रश्न. दुकानासाठी नवी पाटी करून घ्यायची होती. दूध, दही, खवा, तूप, पनीर ही नावे ठरलेली होती. खारट वडीपाशी येऊन तो अडला. “सर, याले काय नाव देऊ? पनीर लिहिलं त लोकं भाजीचं समजतात. चीज लिहिलं त पिझ्झ्याचं समजतात. मॅडम, तुमीच सांगा एखादा मराठी शब्द.” तीन मराठीचे अध्यापक, एकूण पासष्ट वर्षांचा अध्यापनाचा अनुभव, दोन पीएच.डी. आम्ही ताटाकडे पाहत राहिलो. शब्द सापडला नाही.

त्या दिवशी परत जाताना आम्ही हाताच्या बोटांवर मोजू लागलो. दुधाविषयी मराठी भाषा गरीब आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. न तापवलेले ते निरसे, धारेखालचे ते धारोष्ण. नुकत्याच व्यालेल्या जनावराचा तो चीक आणि त्याचा खर्वस. विरजण लावल्यावर पुरते न आंबलेले ते अदमुरे. फडक्यात टांगलेल्या दह्याचा चक्का, त्यातून गळणारी निवळी. साय, लोणी, ताक, तूप. तूप कढवल्यावर तळाशी उरणारी बेरी. आटवलेल्या दुधाच्या भांड्याला चिकटलेली खरवड. ज्या घरात भांड्याला चिकटलेल्या पापुद्र्यालाही नाव दिले गेले, त्या घरात दूध फार बारकाईने पाहिले गेले आहे. मात्र दूध फुटले की हा शब्दांचा संसार एकाएकी थांबतो. फुटलेल्या दुधाला आपल्याकडे मुख्य क्रियापद एकच, ‘नासणे’. तेच आपण बुद्धी, नशीब आणि पोरगा यांच्याविषयीही वापरतो. ‘पनीर’ फारसीतून आले, ‘चीज’ इंग्रजीतून. फुटलेल्या दुधाचे जे काही चांगले झाले, त्याची नावे आपण बाहेरून घेतली.

याचे एक तयार स्पष्टीकरण आहे. आपल्या संस्कृतीत दूध फोडणे निषिद्ध मानले गेले, म्हणून चीजची परंपरा निर्माण झाली नाही, आणि बंगालमध्ये छेना रुजला तो पोर्तुगीजांच्या सहवासामुळे. के. टी. अचया यांच्यासारख्या खाद्येतिहासाच्या अभ्यासकांनी हा विचार मांडला आणि पुढे तो सर्वत्र उद्धृत होत गेला. परंतु जुने वाङ्मय चाळले की या निषेधाला बरीच भोके दिसतात. वैदिक यज्ञात ‘आमिक्षा’ नावाचे हविर्द्रव्य आहे. तापलेल्या दुधात दही घालून जो घट्ट भाग वेगळा होतो तो आमिक्षा आणि जे पाणी उरते ते ‘वाजिन’. घट्ट भाग विश्वेदेवांना आणि पाणी वाजींना, अशी वाटणीही सांगितली आहे, आणि मीमांसकांनी तिच्यावर तर्क लढवले आहेत. आयुर्वेदाच्या संहितांत किलाट, कूर्चिका, मोरट हे शब्द फाटलेल्या दुधाच्या वेगवेगळ्या रूपांसाठी येतात. कल्याणीच्या चालुक्य राजाचा, तिसऱ्या सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकातील ग्रंथ. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात आंबट घालून दूध फोडावे आणि त्या चोथ्याचे गोड पदार्थ करावेत, असे सांगितले आहे. देवांना चालले, राजाला चालले. मग मराठी घरात ते ‘नासले’ कसे?

आम्हांला वाटते, धर्मापेक्षा येथे हवामान आणि हिशेब यांचा हात अधिक आहे. युरोपीय पद्धतीचे चीज मुरायला थंड तळघर लागते, भरपूर दूध एकाच वेळी लागते आणि वासराच्या जठरातील रेनेट लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसपर्यंत जातो, दावणीला एक-दोन जनावरे असतात आणि वासराचे जठर हा विषयच संपतो. एक-दोन जनावरांचे जास्तीचे दूध टिकवण्याचा या हवेतील सर्वांत शहाणा उपाय तूप हाच होता. ते नासत नाही, गाडग्यात राहते, लांबवर जाते आणि त्याचे पैसे होतात. ताक घरी राहते, शेजारी मागायला येतात. म्हणजे आपल्याकडे चीज नव्हते, ही उणीव मानण्याचे कारण नाही. येथल्या माणसांनी येथल्या उन्हाला दिलेले ते उत्तर होते. शब्द त्या उत्तराच्या मागे मागे गेले.

आता त्या ‘चीज’ शब्दाकडे येऊ. मराठीत तो दोनदा आला आहे. एक फारसीतून, वस्तू या अर्थाने. त्यावरून मौल्यवान वस्तू, गवयाची चीज आणि ‘चीज होणे’ हा आपला फार सुंदर वाक्प्रचार. कष्टाचे चीज होते, शिक्षणाचे चीज होते, आयुष्याचे चीज होते. दुसरा इंग्रजीतून, ज्याचे मूळ लॅटिन ‘केसियस’पर्यंत जाते. दोहोंचा रक्ताचा संबंध काही नाही. गंमत अशी की एकोणिसाव्या शतकातील इंग्रजीत अस्सल, नेमकी गोष्ट या अर्थाने ‘द चीज’ म्हणण्याची एक बोली लकब होती आणि ती हिंदुस्थानी ‘चीज’वरून गेली असावी, असे ‘हॉब्सन-जॉब्सन’ या 1886 सालच्या कोशात नोंदवलेले आहे. आपला शब्द साहेबाने नेला, साहेबाचा पदार्थ आपण आणला आणि देवनागरीत दोन्ही एकाच रूपात शेजारी शेजारी बसले. आमचा दुकानदार भाषेचा विद्यार्थी असल्याने हा योगायोग त्याच्या आधीच ध्यानात आला होता. “दुधाचं चीज झालं सर, माहं बाकी आहे,” असे तो एकदा भाकरी वाढता वाढता म्हणाला. आम्ही हसलो. नंतर ते हसू घशाशी अडकले.

कारण ‘चीज होणे’ हा या जिल्ह्याचा जुनाच प्रश्न आहे. खामगावला 1870 साली रेल्वेचा फाटा आला. जलंबहून निघणारा हा काही कोसांचा रुळ माणसांसाठी घातलेला नव्हता. तो वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे आणि तेथून इंग्लंडातील गिरण्यांकडे नेण्यासाठी होता. कापूस येथे पिकला, त्याचे कापड अन्यत्र झाले. अर्थात कापूस सगळा गेला नाही. सरकी मागे राहिली. तिचे तेल काढल्यावर उरणारी ढेप म्हशींना घातली गेली आणि दुधात उतरली. आमच्या ताटातील त्या खारट फोडीत जी स्निग्धता आहे तिच्यात कापसाच्या बाजारपेठेचा इतिहास असा आडवाटेने आलेला आहे. पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि घाटाखालच्या बुलढाण्यात, भुरकट रंगाची एक म्हैस आढळते. पूर्णाथडी हे तिचे नाव. कर्नालच्या राष्ट्रीय पशुआनुवंशिक संसाधन ब्युरोने तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली आहे. म्हशीला नदीचे नाव मिळाले. तिच्या दुधापासून बनलेल्या एकाही पदार्थाला ते मिळालेले नाही.

संकलन केंद्रावर दुधाला नावच उरत नाही. तेथे दोन आकडे विचारले जातात, फॅट आणि एस.एन.एफ. गाईच्या दुधाला साडेतीन-साडेआठ हे प्रमाण धरून भाव ठरतो. त्यापेक्षा कमी भरले की पैसे कापले जातात. लॅक्टोमीटर बुडवून जो आकडा वाचतात त्याला गावोगाव ‘डिग्री’ म्हणतात. निरसे, धारोष्ण, अदमुरे असे बारीक भेद करणारी भाषा बोलणारा माणूस येथे येऊन ‘डिग्री किती लागली’ एवढेच विचारतो. आमच्या दुकानदाराचे यावरचे भाष्य आम्ही विसरू शकत नाही. “दुधाची डिग्री कमी भरली त पैसे कापतात, सर. माही डिग्री पुरी भरली, तरी कोनी घेतली नाही.”

येथे सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ची आठवण होणे अपरिहार्य आहे. 2002 साली आलेली आणि 2004 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेली ही कादंबरी याच जिल्ह्याच्या मातीतून आलेली. तिच्यातील एकनाथ शिकतो, नोकरीसाठी लागणारे पैसे उभे करू शकत नाही आणि शेतीकडे परततो, तर शेतीही त्याला सामावून घेत नाही. ही कादंबरी आम्ही वर्गात शिकवतो. ‘सुशिक्षित बेकार तरुणाच्या मानसिकतेचे चित्रण’ हा प्रश्न दहा गुणांना विचारतो. त्याचे उत्तर उत्तम लिहिणाऱ्या मुलांपैकी एक आज आम्हांला भाकरी वाढतो. त्याच्या पेपरवर आम्हीच पासष्ट गुण दिले होते. ज्या व्यवस्थेने त्याला बाहेर ठेवले तिच्या आत आम्ही पगारी माणसे म्हणून बसलो आहोत आणि त्या काळात आम्ही खासगीत हळहळण्यापलीकडे काही केले नाही, हे येथे लिहून ठेवणे आम्हांला आवश्यक वाटते. कादंबरीचे आकलन आणि बुधवारचे जेवण यांच्यात जे अंतर आहे, ते आमचे आहे.

‘बारोमास’ आली त्यानंतर चार वर्षांनी, 2006 साली, पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या त्या सहांत बुलढाणाही होता. जोडधंदा म्हणून दुभत्या जनावरांचे वाटप हा त्या योजनांचा एक भाग होता. ज्याला स्वतःच्या पोटाची भ्रांत आहे त्याच्या दारात महागडी गाय बांधली तर तिच्या चाऱ्याचे काय, हा प्रश्न पी. साईनाथ यांनी त्याच वर्षी लेख लिहून विचारला होता. त्याचे उत्तर शेतातच होते. ज्वारीखालचे क्षेत्र आटत जाऊन सोयाबीन पसरले. ज्वारी माणसाला भाकरी देत होती आणि जनावराला कडबा. सोयाबीन पैसा देते, पण तिचे कुटार जनावर नाइलाजाने खाते. पीक बदलले आणि भाकरी-दूध ही ताटातील जुनी जोडी मुळातच सुटली. आमच्या ताटात ती पुन्हा एकत्र दिसते याचा आनंद होतो, तेव्हा ज्वारी आणि ढेप या दोन्हींचे भाव दुकानदाराला विचारून पाहावेत. तो ते तोंडपाठ सांगतो.

दूध गावातून बाहेर जाणे हा विषय मराठी साहित्याला नवा आहे असे नाही. आपल्याकडे त्यासाठी एक अख्खा रचनाप्रकार आहे. गौळण. संतांनी ती लिहिली, तमाशाने ती गणानंतर मांडून बसवली. गोकुळातील स्त्रिया दूध, दही, लोणी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात, कृष्ण आणि त्याचे सवंगडी वाट अडवतात, दाण मागतात, मडकी फोडतात. आम्ही हे शृंगार म्हणून शिकवतो, भक्ती म्हणून शिकवतो, तमाशातील गौळण असेल तर विनोद म्हणून. पण त्या प्रसंगाच्या पायाशी एक साधा आर्थिक प्रश्न पडलेला आहे, की गोकुळातील पोरे ताकावर असताना लोणी मथुरेला का जाते? वाट अडवणारा पोरगा हाच प्रश्न विचारत असतो. आमच्या या वाचनाला भक्तिपरंपरेचा विरोध होईल असे वाटत नाही, कारण तीच परंपरा शेवटी सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र करून काला करते आणि तो तेथल्या तेथे वाटून खाते. काल्यात दही गावातच राहते.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे, की एका डेअरीच्या मागच्या खोलीतील दोन टेबलांवरून जिल्ह्याचा दूधप्रश्न सुटत नाही. पाच लिटर म्हशीच्या दुधाचे एक किलो पनीर होते. हा माणूस दिवसाला असे किती लिटर फोडणार? शिवाय दूध बाहेर जाऊ नये असे म्हणणे म्हणजे शेतकऱ्याच्या हातातील रोकड काढून घेणे. आम्हांला हे मान्य आहे. सहकारी दूधव्यवसायाने लाखो घरांत दर दहा दिवसांनी पैसा पोचवला. त्याची थट्टा करण्याचा अधिकार महिन्याच्या एक तारखेला पगार घेणाऱ्यांना नाही. आमचे म्हणणे इतकेच आहे की दूध आकडा होऊन जाणे आणि नाव घेऊन जाणे यांत फरक आहे. फ्रान्समधील रोकफोर हे एक खेडे आहे. त्याच्या चीजला 1925 साली कायद्याने संरक्षण मिळाले आणि त्या नावाने दुसऱ्या गावाला चीज विकता येईना. इटलीतील कंपानिया प्रांतात म्हशीच्या दुधाचे मोझरेला होते, त्यालाही 1996 साली युरोपीय संघाने तसे संरक्षण दिले. तेथेही दूध बाहेरच जाते, पण गावाची ओळख घेऊन जाते आणि त्या ओळखीचा मोबदला गावाकडे परत येतो.

आणि हे आपल्या हातून होणारच नाही असेही नाही. मुंबईतील इलेफथेरिया या लहान चीज-उद्योगाच्या ब्रुनोस्टला 2021 साली स्पेनमध्ये भरलेल्या जागतिक चीज स्पर्धेत रौप्यपदक मिळाले. ब्रुनोस्ट हा मूळचा नॉर्वेचा पदार्थ. निवळी तासन्‌तास आटवून तो तपकिरी, गोडसर करतात. हे वाचले तेव्हा आम्हांला पहिली आठवण झाली ती आमच्या दुकानातील खव्याच्या कढईची. आटवणे ही आपलीच विद्या आहे. कढईच्या कडेला उलथने कधी फिरवायचे, रंग कोठवर येऊ द्यायचा, हे या भागातील कितीतरी हातांना न शिकवता येते. त्या हातांनी केलेल्या वस्तूला स्वतःचे नाव मिळाले नाही, तर तिचा बाजार दुसरे कोणी घेऊन जाते. घेऊन जातेच आहे. वनस्पती तेलापासून केलेले ‘पनीरसारखे’ काहीतरी पनीर म्हणून विकले जाते. 2025च्या मार्चमध्ये हा बनावट पनीरचा विषय विधिमंडळात गाजला. दुकानदाराचे पनीर त्याच्यापेक्षा महाग पडते. गिऱ्हाईक भाव विचारते आणि निघून जाते. तेव्हा तो काही बोलत नाही. वडीचा एक तुकडा पुढे करतो. काही जण तो खाऊन थांबतात.

आमचा मुद्दा येथे येऊन टेकतो. वस्तू जेथे पिकते तेथे तिचे चीज झाले नाही, तर तिच्याविषयीचे शब्दही तेथे टिकत नाहीत. बेरी, खरवड, अदमुरे हे शब्द कोशात सुरक्षित आहेत. आमच्या पदव्युत्तर वर्गातील अठरा विद्यार्थ्यांपैकी चौघांना ते ठाऊक होते आणि त्या चौघांच्याही घरी दुभते होते. बोलीभाषेचे संकलन, ग्रामीण शब्दसंपत्ती, देशीयता या विषयांवर आम्ही चर्चासत्रे भरवतो आणि त्या चर्चासत्रांच्या जेवणात पनीर मसाला असतो. ते पनीर कोठून आले, हे आम्ही एकदाही विचारलेले नाही. भाषा जगवण्याचा जो भाग वर्गाबाहेर होतो, खरेदी-विक्रीत, चवीत, भाव करताना, त्याला आमच्या समीक्षेत जागा नाही. ग्रामीण साहित्यातील भूक आम्ही पाहिली, जेवण पाहिले नाही. भुकेवर लिहिणे हे कर्तव्यच होते. पण जेवणही पाहिले असते, तर त्याच ताटात भुकेची कारणे दिसली असती: ज्वारी कोठे गेली, ढेप कितीला झाली, वाढणाऱ्या हाताने कोणती पदवी घेतली होती.

आम्ही काय करतो आहोत, तेही सांगून टाकतो, मोठे नाही. विभागाच्या कार्यक्रमाचे जेवण यंदा त्याच्या दुकानातून आले आणि त्याचे पैसे त्याला त्याच दिवशी, पूर्ण दिले. बोलीच्या प्रकल्पासाठी मुलांना त्याच्याकडे पाठवले. दुधाच्या कामाशी जोडलेले शंभरच्या आसपास शब्द त्यांनी त्याच्याकडून, त्याच्या आईकडून आणि दूध घालायला येणाऱ्या माणसांकडून लिहून आणले. त्यांतील काही आम्हीही प्रथमच ऐकले. मुलांनी त्याला ‘सर’ म्हटले, कारण तो समजावून सांगत होता. त्याचा अन्याय याने भरून निघत नाही. तशी समजूत आम्ही करून घेतलेली नाही आणि तोही ती करून घेत नाही.

राहिला पाटीचा प्रश्न. आम्ही पुढच्या बुधवारी तयारी करून गेलो होतो. ‘आमिक्षा’ हा शब्द त्याच्यापुढे ठेवला. त्याची वैदिक परंपरा, अर्थ, सारे सांगितले. त्याने विद्यार्थ्यासारखे ऐकून घेतले आणि म्हणाला, “शब्द चांगला आहे, मॅडम. पन पोरीचं नाव वाटते.” तेवढ्यात पुढच्या गल्ल्याशी दूध घालायला आलेल्या एका बाईंनी रिकामी किटली ठेवत आवाज दिला, “भाऊ, पावशेर खारं पनीर दे. पोराच्या डब्याले.” तो उठला, निवळीतून वडी काढली, तोलली, कागदात बांधली.

पाटी आता लागली आहे. तिसऱ्या ओळीत ‘खारं पनीर’ असे लिहिले आहे, अनुस्वारासकट, जसे त्या बाई म्हणाल्या तसे.